डॉगवुड लावायचंय, पण रोगाला भीक न घालणारं

एप्रिल आला की न्यू जर्सीपासून नॉर्थ कॅरोलिनापर्यंतच्या वाचकांचं एकच सुरू होतं, काकू, शेजारी ते पांढऱ्या फुलांचं बुटकं झाड आहे ते कुठलं, आम्हाला पण हवंय. ते डॉगवुड. यंदा त्यावर इतकी पत्रं आली की बाकीच्या भाज्या-बिज्या बाजूला ठेवून हे सदर त्यालाच देऊन टाकलंय. ज्यांनी टोमॅटोबद्दल विचारलंय त्यांनी जरा धीर धरा.

प्रश्न: काकू, एडिसनला घर घेतलं तेव्हा पुढच्या अंगणात एक जुनं डॉगवुड होतं. खालच्या फांद्या आधीच वाळलेल्या, खोडावर सगळीकडे बारीक फुटवे, आणि बघता बघता ते पूर्ण गेलं. आता त्याच जागी परत डॉगवुड लावावं असं माझ्या मनात आहे पण नवरा म्हणतो परत मरेल. नर्सरीवाला म्हणतो हायब्रिड घ्या, पण त्याचा भाव साध्याच्या जवळजवळ दुप्पट. खरंच फरक असतो का नुसतं मार्केटिंग?

उत्तर: फरक असतो गं, भाव बघून मागे फिरू नकोस. तुझं झाड बहुतेक करप्याने गेलंय. खालून वर वाळत जाणं आणि खोडावर फुटव्यांची गर्दी, ही त्याची अगदी ठरलेली लक्षणं. डिस्क्युला नावाची बुरशी असते, १९७० च्या दशकाच्या शेवटाला ती अमेरिकेच्या दोन्ही किनाऱ्यांवर दिसायला लागली आणि पुढच्या काही वर्षांत पूर्वेकडच्या डोंगरांतली डॉगवुडं तिने अक्षरशः साफ केली. मेरीलँडमध्ये कॅटॉक्टिन माउंटन पार्क आहे, कॅम्प डेव्हिड आहे ना तेच, तिथली तर बहुतेक सगळी गेली. जे एखादं-दुसरं टिकलं त्यातूनच टेनेसी युनिव्हर्सिटीच्या लोकांनी 'अॅपलाचियन स्प्रिंग' नावाची जात काढली, ती हायब्रिड नाही, इथलंच मूळचं झाड आहे, फक्त करप्याला पुरून उरलेलं.

आता हायब्रिडचं. इथलं मूळचं झाड म्हणजे कॉर्नस फ्लोरिडा, पुढे मी नुसतं फ्लोरिडा म्हणेन ते हेच, राज्य नव्हे, एप्रिलमध्ये पानं यायच्या आधी फुलणारं. आणि जपान, कोरिया, चीनकडचं आहे ते कौसा, ते पानं आल्यावर मे अखेर किंवा जूनमध्ये फुलतं आणि त्याला या बुरशीचं फारसं काही वाटत नाही. दोघांचा मोसमच वेगळा असल्याने आपणहून संकर जवळजवळ होतच नाही, माणसाने घडवून आणावा लागतो. ते काम केलं रटगर्स युनिव्हर्सिटीत एल्विन ऑर्टन यांनी, म्हणजे तुझ्या घरापासून गाडीने थोड्याच अंतरावर. ते १९६० साली तिथे आले आणि या झाडांवर त्यांनी दशकंच्या दशकं घालवली, कारण झाडाचं ब्रीडिंग म्हणजे बी पेरलं की पहिलं फूल बघायलाच कित्येक वर्षं जातात. त्यांच्या पहिल्या जाती १९९० च्या आसपास बाजारात आल्या, स्टेलर सिरीज म्हणतात तिला: ऑरोरा, सेलेस्टियल, कॉन्स्टेलेशन, रूथ एलन, स्टारडस्ट, स्टेलर पिंक. ही झाडं दोन्ही आईबापांच्या मध्ये, मेच्या सुमाराला फुलतात. करप्याला चांगला प्रतिकार, खोड पोखरणारी अळी फ्लोरिडाला फार छळते ती यांच्या वाटेला सहसा जात नाही. भुरीच्या, म्हणजे पानांवर पांढरं पीठ दिसतं त्या रोगाच्या बाबतीत मात्र जातीजातीत फरक पडतो.

एडिसनच्या अंगणाला मी सेलेस्टियल किंवा कॉन्स्टेलेशन म्हणेन, दोन्ही जरा उभट वाढतात. जागा ऐसपैस असेल आणि फ्लोरिडाचा तो आडवा पसरलेला डौल हवा असेल तर रूथ एलन. स्टेलर पिंक बघून घेऊ नकोस, कॅटलॉगमधला गुलाबी आणि अंगणातला गुलाबी यात फार अंतर असतं. थंड वसंत असेल तर दिसतो, ऊन तापलं की जवळजवळ पांढरं. लोक मग माझ्याकडे तक्रार करतात.

आणि त्याच जागी लावायची काळजी करू नकोस, ही बुरशी वाळक्या फांद्या आणि पडलेल्या पानांवर राहते, म्हणून जुन्याची काडी न् काडी आधी उचल. खड्डा तेवढा जुन्या बुंध्यापासून तीन-चार फूट सरकवून घे, जुन्या मुळांत फावडं चालवत बसायला नको.

प्रश्न: शार्लटला राहतो. दोन वर्षांपूर्वी 'डिसीज रेझिस्टंट' असा टॅग बघून डॉगवुड घेतलं. जुलैमध्ये पानांच्या कडा करपल्या, काही पानांवर पांढरं पीठ पण दिसतंय. फसवलं का मला? परत करता येईल का?

उत्तर: परत कसलं करताय, आधी पान हातात घेऊन नीट बघा की. टॅगवरच्या रेझिस्टंटचा अर्थ रोग होणारच नाही असा नसतो, रोग आला तरी झाड त्याला पुरून उरेल एवढाच असतो.

आधी कडांचं बोलू. कडा सगळीकडून सारख्या तपकिरी, मधलं पान हिरवं, आणि उन्हाच्या बाजूची पानं जास्त खराब, असं असेल तर ती झळ आहे, रोग नाही. डॉगवुडची मुळं अगदी वरवर पसरतात, शार्लटच्या जुलैत वरची दोन-तीन इंच माती कोरडी ठण्ण झाली की झाडाला पाणी पुरत नाही आणि पानाच्या टोकापासून ते दिसतं. करपा वेगळा दिसतो, त्यात मातकट डाग येतात आणि डागाला जांभळी किनार असते, डाग शिरेवरून पसरत अर्धं पान खातो, आणि मेलेली पानं गळत नाहीत, हिवाळ्यात पण फांदीला लोंबत राहतात. तो थंड, ओल्या, सावलीच्या जागी माजतो, म्हणजे तुमच्याकडे डोंगरात ॲशव्हिलच्या बाजूला जास्त, शार्लटच्या उघड्या अंगणात कमी. तिसरा एक प्रकार म्हणजे वसंतात पानांवर आणि फुलांवर टाचणीच्या डोक्याएवढे जांभळे ठिपके, तो दिसायला वाईट पण झाड मारत नाही, सोडून द्या.

पांढरं पीठ म्हणजे भुरी. नाशिककडचे कोणी वाचत असतील त्यांना द्राक्षावरची भुरी चांगली माहीत असेल, हा तोच प्रकार, बुरशी निराळी. अमेरिकेत डॉगवुडवर ही मोठ्या प्रमाणात १९९० च्या दशकाच्या मध्यापासून दिसायला लागली. नवीन कोवळ्या पानांवर येते, पान वेडंवाकडं होतं, लहान झाड त्या वर्षी वाढत नाही. पण तुमच्या झाडाची उंची आणि फुटवा ठीक असेल तर फवारणीच्या मागे लागू नका, जुलै-ऑगस्टमध्ये दिसणारी भुरी तशी उशिराची असते, झाडाने वर्षाचं कमवून ठेवलेलं असतं. आतल्या दाटीच्या दोन-चार फांद्या काढा, हवा खेळू द्या, स्प्रिंकलरचं तोंड पानांवरून वळवून मुळांकडे करा. आणि नायट्रोजनवालं लॉन फर्टिलायझर झाडाखाली पडतंय का बघा, त्याने लुसलुशीत कोवळा फुटवा येतो आणि भुरीला तेच आवडतं.

अजून एक, तुम्ही जातीचं नावच लिहिलेलं नाहीये. नुसतं 'पिंक डॉगवुड' म्हणून मोठ्या दुकानात मिळतं ते बहुधा साधं फ्लोरिडा असतं. टॅग जपून ठेवत जा हो.

प्रश्न: हर्नडन, व्हर्जिनियामधून लिहितेय. आमच्या एचओएने (घरमालकांच्या सोसायटीने) पुढच्या अंगणात एक 'ऑर्नामेंटल' झाड लावायला परवानगी दिलीये. माती म्हणजे चिकट लाल गाळ, पावसात चिखल आणि उन्हात वीट. कधी लावू, किती खोल, जागा कशी निवडू, खड्ड्यात काय काय घालू? बाबा सांगतात खाली विटांचे तुकडे, मग शेणखत, मग पोयटा.

उत्तर: व्हर्जिनियात डॉगवुड लावणं म्हणजे पुण्यकर्मच, ते तिथलं राज्यफूल पण आहे आणि राज्यवृक्ष पण. बाबांना नमस्कार सांग, कोकणात आंब्याच्या कलमाला ते सांगतात ते बरोबरच आहे, पण इथे तसं करू नकोस. चिकट मातीत खड्डा खणून आत भुसभुशीत माल भरला की तो खड्डा म्हणजे बुडाला भोक नसलेली बादली होते, पाऊस पडला की सगळं पाणी तिथे येऊन बसतं आणि मुळं कुजतात. जी माती काढलीस तीच परत घाल, ढेकळं फोडून. कंपोस्ट घालायचंच असेल तर आजूबाजूच्या मोठ्या भागात वरच्या थरात मिसळ, किंवा नुसतं वर पसर.

खोलीवर मात्र मी थोडी जास्तच बोलणार आहे, कारण माझ्या मते अंगणातली डॉगवुडं रोगाने जेवढी मरतात त्यापेक्षा जास्त खोल लावल्याने मरतात. खोड जिथे मुळांकडे जाताना रुंदावतं तो भाग मातीच्या वर दिसला पाहिजे. नर्सरीतून आलेल्या झाडात बऱ्याचदा तोच भाग दोन-चार इंच मातीखाली गेलेला असतो, त्यामुळे कुंडीच्या मातीच्या लेव्हलवर विश्वास ठेवू नकोस, बोटाने वरची माती उकरत जा, पहिलं जाड मूळ लागेपर्यंत, आणि ते मूळ जमिनीच्या लेव्हलला किंवा तुझ्या मातीत इंच-दोन इंच वरच येईल असं बसव. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद, पण खोल मात्र गोळ्याएवढाच, कारण खाली मोकळी केलेली माती बसते आणि झाड आपोआप खोल जातं. कुंडीत मुळं गोल गोल फिरलेली असतील तर चाकूने उभे काप दे, घाबरू नकोस, तशीच ठेवलीस तर तीच मुळं पुढे खोडाचा गळा आवळतात. गोणपाटात बांधलेलं असेल तर खड्ड्यात बसवल्यावर वरचा सुतळी-गोणपाट-तार सगळं कापून काढ.

खणायच्या आधी ८११ ला फोन कर, गॅसची लाइन कुठे आहे ते फुकट येऊन मार्क करून देतात. हे मी प्रत्येक वेळी सांगते आणि प्रत्येक वेळी कोणीतरी हसतं.

जागा अशी बघ की सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारी तीननंतर घराची किंवा मोठ्या झाडाची सावली येईल. अगदी दाट सावलीत फुलं कमी आणि रोग जास्त. घराच्या भिंतीपासून दहा-बारा फूट तरी लांब, ही झाडं अठरा-वीस फूट उंच होतात आणि जवळजवळ तेवढीच रुंद. ड्राइव्ह-वेच्या कडेला नको, हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात ते मीठ सोसत नाही त्याला. डॉगवुडला जरा आंबट माती लागते, पीएच ५.५ ते ६.५, तर काउंटीच्या एक्स्टेंशन ऑफिसकडून, म्हणजे शेती-बागेचा सल्ला देणाऱ्या सरकारी कचेरीकडून, एकदा माती तपासून घे. लॉनवाला दरवर्षी चुना टाकत असेल तर त्याला झाडापासून लांब राहायला सांग, तणनाशक मिसळलेलं खत तर अजिबात नको, वरवरची मुळं ते पहिल्यांदा शोषतात.

कधी, तर गोणपाटातलं असेल तर वसंतात, कुंडीतलं असेल तर तुमच्याकडे ऑक्टोबर पण छान. मग मल्च, म्हणजे मातीवरचं आच्छादन, दोन-तीन इंच जाड आणि पसरून, खोडाला न टेकवता. लॉनवाले खोडाभोवती मल्चची टेकडी करून ठेवतात ना, ती बघितली की माझं डोकं फिरतं, ओल धरून साल कुजते आणि अळीला आत शिरायला दार मिळतं. मल्चचं वर्तुळ चार-पाच फुटांचं ठेव, म्हणजे गवत कापायचं मशीन खोडाजवळ येणारच नाही. त्या नायलॉन दोरीच्या ट्रिमरचा एक फटका सालीला बसला की हायब्रिड असो नाहीतर काही, जखम ती जखमच. पाणी पहिली दोन वर्षं आठवड्याला इंचभर, पाऊस पडला तर सुट्टी, रोज शिंपडत बसण्यापेक्षा एकदाच सावकाश आणि भरपूर.

प्रश्न: एक छोटासा. सेलेस्टियल लावून तीन वर्षं झाली, फुलंच नाहीत. शिवाय बुंध्यातून एक सरळसोट फांदी निघालीये, जोरात वाढतेय, पानं थोडी वेगळी वाटतात. ठेवू का? (प्रिन्स्टन)

उत्तर: ती फांदी आज संध्याकाळपर्यंत काढून टाका. ही झाडं कलमी असतात, खुंट साध्या फ्लोरिडाचा किंवा कौसाचा आणि त्यावर डोळा भरलेला. कलमाच्या जोडाखालून जे येतं ते खुंटाचं, ते ठेवलंत तर चार वर्षांनी तुम्ही हायब्रिड म्हणून साधं झाड वाढवत असाल. मुळाशी माती उकरून जिथून निघालंय तिथूनच तोडा, वरून छाटलं तर चार येतील.

फुलांचं म्हणाल तर तीन वर्षं म्हणजे काहीच नाही, थांबा. पण हिवाळ्यात छाटणी करताय का? डॉगवुडच्या पुढच्या वर्षीच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच तयार होतात, फांदीच्या टोकाला कोटाच्या बटणासारखी चपटी गोल दिसते ती फुलाची, टोकदार असते ती पानाची. हिवाळ्यात टोकं छाटलीत की फुलंच कापलीत. छाटायचं तर फुलं गेल्यावर लगेच.

प्रश्न: आई भारतातून आलीये. शेजारच्या झाडाला लालचुटूक, लिचीसारखी फळं लागलीत, ती म्हणते चांगली दिसतायत, मुरांबा करू. शेजारी म्हणतात डॉगवुड आहे. खाल्ली तर चालतात का? आमच्या हायब्रिडला का लागत नाहीत?

उत्तर: आईंची नजर चांगलीये! ते कौसा असणार, त्याची फळं खातात, आतला गर मऊ आणि गोडसर, साल जरा कडवट, बिया काढायचा कंटाळा येतो एवढंच. पण झाड कौसाच आहे याची खात्री करून, आणि शेजाऱ्याला विचारून. फ्लोरिडाची लाल बारीक फळं मात्र तोंडात घालू नका, कडू जहर असतात, ती पक्ष्यांसाठी. खात्रीला एक गंमत: डॉगवुडचं पान दोन्ही हातांत धरून मधोमध हळूच तोडा, दोन्ही अर्धे लांब केले तरी मधे पांढरे बारीक धागे ताणून राहतात आणि खालचा अर्धा त्या धाग्यांवर लोंबतो. मुलांना दाखवा, खूश होतात. अर्थात यातून डॉगवुड आहे एवढंच कळतं, कुठलं ते फळावरूनच.

तुमचं हायब्रिड स्टेलर सिरीजमधलं असेल तर ते जवळजवळ वांझ असतं, फळ नाहीच किंवा एखादं. काहींना ते बरं वाटतं, अंगण घाण होत नाही. मला विचाराल तर या झाडांची हीच एक गोष्ट मला खटकते, फ्लोरिडाच्या फळात भरपूर फॅट असतं आणि शरदात दक्षिणेला निघालेले पक्षी त्यावर तुटून पडतात, हायब्रिडपाशी त्यांना काही मिळत नाही. मागे जागा असेल तर एक अॅपलाचियन स्प्रिंग लावा, पक्ष्यांच्या नावाने.

प्रश्न: सिएटलला आहोत. इथे पण डॉगवुड दिसतात, मोठीच्या मोठी फुलं. 'व्हीनस' घ्यावं का?

उत्तर: घ्या, डोळे मिटून. तुमच्याकडचं मूळचं झाड म्हणजे पॅसिफिक डॉगवुड, कॉर्नस नटॅली, शेजारच्या कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताचं ते अधिकृत फूल, पण करप्याला ते पण बळी पडतं. व्हीनस रटगर्सचंच, त्यात कौसा आणि हे पॅसिफिक डॉगवुड आहे, फूल सहा-सात इंचांपर्यंत. फूल म्हणतोय खरं, पण ते पांढरं जे दिसतं त्या पाकळ्या नव्हेतच, बोगनवेलीसारखी रंगलेली पानं आहेत, खरी फुलं मधल्या हिरव्या गुंडीत. म्हणून तर ती आठवडेच्या आठवडे टिकतात. शिकागो, मिनियापोलिसवाल्यांनी मात्र व्हीनसच्या मोहात पडू नका, ते झोन ६ पासूनचं (झोन म्हणजे थंडीच्या नकाशावरचा पट्टा, आकडा लहान तितकी थंडी जास्त), शिकागोला स्टेलरमधलं काहीतरी वाऱ्याच्या आडोशाला बघा, आणि मिनियापोलिसला यातलं काहीच नाही.

प्रश्न: आम्ही पुण्यात असतो, मुलगा न्यू जर्सीला. त्याच्याकडे बघितल्यापासून वेड लागलंय. बॅगेतून एक छोटं रोप आणलं तर बाणेरच्या बंगल्यात जगेल का?

उत्तर: वहिनी, बॅगेतून नका हो आणू, परदेशातून रोप आणायला आयातीचा परवाना आणि तिकडच्या सरकारचं रोगमुक्तीचं सर्टिफिकेट लागतं, विमानतळावर काढून घेतील. आणि आणलंत तरी पुण्यात त्याला हिवाळाच मिळणार नाही, कळ्या उमलायला लांबलचक थंडी लागते त्याला. आपल्या देशात त्याचंच एक भावंड आहे, कॉर्नस कॅपिटाटा, गढवालात त्याला भमोरा म्हणतात, पिवळसर फुलं आणि स्ट्रॉबेरीसारखी दिसणारी फळं, तिकडे लोक खातात पण. कधी उत्तराखंडला मे-जूनमध्ये गेलात तर विचारा. त्याऐवजी बाणेरला मुसांडा (शोभेचं झुडूप) लावा, पांढरा घ्या, नर्सरीत सहज मिळतो. सह्याद्रीत पावसाळ्यात दिसणारा भुतकेस त्याच्याच कुळातला. कुंडीत नको, जमिनीत लावा, सकाळचं ऊन, पाणी साचू देऊ नका आणि फेब्रुवारीत निम्म्यापर्यंत छाटा.